डाव्या बाजूची जाळी

३ मार्च
चर्चमधली आजची मिस्सा, रविवारची उपासना, मला पडली ती अशी : भीतीवरची दीड गोळी, घामाने भिजलेला एक सदरा आणि बाक घट्ट धरून मोडलेलं एक नख. पण पळालो नाही, शेवटपर्यंत बसलो! नवं गाव मानवलं म्हणायचं. मोटार-पंप दुरुस्तीचं दुकानही लागलं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोटारीला, मूठ उजव्या कानाला. कुठलं बेअरिंग गेलंय ते न उघडता सांगतो. शाळा चौथीपर्यंत, पण कान असे की आवाज एकदा ऐकला की माणूस चुकत नाही. गिऱ्हाइकं ‘कानवाले’ म्हणतात.

७ मार्च
दुपारी पापनिवेदन केलं. चर्चच्या कोपऱ्यात कपाटासारखं जुनं लाकडी खोकं आहे. आत गुडघे टेकले की डाव्या कानाशी जाळी. पलीकडे फादर होतेच. आवाज मिस्सेतलाच, फक्त जास्त मऊ. घरी येताना वाटेतच धास्ती : एखादं पाप सांगायचं राहिलं तर? परत गेलो. पुन्हा एकदा गेलो. बायको म्हणाली, अहो, फादरना दोन घास तरी खाऊ द्या!

१२ मार्च
रोज जातो, फादर रोज असतात. म्हणाले, इतकी भीती म्हणजे श्रद्धा कच्ची. प्रायश्चित्त म्हणून गोळ्या बंद करा. केल्या, होत्या त्या फेकून दिल्या. पापक्षमा उद्या देतो म्हणाले.

१६ मार्च
झोप नाही. एक मोटार उलटी जोडली. क्षमा अजून ‘उद्या’च. मी न सांगितलेलं एक पाप आज त्यांनीच मला सांगितलं. गोळ्यांचं बायकोला कळू देऊ नका म्हणाले—

१९ मार्च
बायकोला रिकामा डबा सापडला— गोळ्यांचा. मला धरून फादरच्या घरी नेलं. मी तोंडावर बोललो, क्षमेची लालूच दाखवून औषध तोडलंत, दगा दिलात. ते म्हणाले, औषध घेणं पाप कसं असेल हो? मी पापनिवेदन इथेच ऐकतो, समोरासमोर. त्या खोक्यात जाळीपलीकडे कित्येक वर्षं मेणबत्त्यांच्या पेट्याच आहेत.
तिथल्या तिथे पापक्षमा दिली. ऐकली. लगेच डावीकडून कुणी म्हणालं— ही नाही चालायची—

२० मार्च
गोळ्या परत सुरू. डावीकडच्या आवाजाचं ऐकून डॉक्टरांनी कान तपासायला धाडलं. तिथल्या बाईंनी विचारलं, इतकी वर्षं लक्षात कसं नाही आलं? कागद समोर आहे— तो आवाज आत्ताही बोलतोय, डावीकडूनच—
डावा कान : पूर्ण बहिरा. किमान दहा वर्षं—