ग्यावीराकडे मागितलेली कोंडी

१७ मे, रविवार

माफी! शुद्धलेखन चुकणार. टाइपही हळूहळू होतंय — अंगठा दाबतो एक, येतं भलतंच. शाळा मध्येच सुटली आणि हातात फोन आला तो आता. माफी कुणाची मागतेय कुणास ठाऊक. वाचणार कोणीच नाही.

फोन मुवोंगेंनी पाठवला. आत्या घेऊन आली. मुवोंगेंचं मुकोनो गावात पत्र्याचं दुकान आहे, बायको वारलीय. मी त्यांना एकदाच पाहिलंय, बाबांना जाऊन वर्ष झालं तेव्हाच्या, चर्चमधल्या मिस्साला. माणूस वाईट नाही. पण लग्न!

आत्यानं विचारलं, काय मग? मी चटईकडे बघत बसले.

"गप्प म्हणजे हो," ती म्हणाली आणि चहा मागितला.

२० मे

क्वांजुलाची तारीख ठरली. नवऱ्याकडचे येणार, भेटी आणणार, सगळ्यांसमोर मला विचारणार — हे पाहुणे तुझ्या ओळखीचे का? 'हो' म्हटलं की मुलगी दिल्यातच जमा.

आत्या म्हणत होती, तीन जूनचा हुतात्म्यांचा सण होऊ दे, यात्रेकरूंची गर्दी ओसरू दे. आईनं ऐकलंच नाही. आधीच्या शनिवारीच करायचं म्हणे. हट्टच धरला! आईला माझी एवढी अडचण झालीय? चुलीपाशी रडले. धूर होता म्हणून बरं.

२२ मे

दिवसभर आईच्या टपरीवर, संतांची चित्रं आणि माळा विकत. चर्चच्या फाटकाबाहेर नुसती रीघ लागलीय. काही लोक तर पार सीमेपलीकडून चालत आलेत, पायांची चाळण झालीय.

लोक संताचं नाव नाही विचारत, काम सांगतात. एका बाईचा मुलगा तुरुंगात आहे — तिला गोन्झागा गोन्झाचं चित्र दिलं. ती तिथंच त्याच्याशी बोलायला लागली, मुलाला जेवण नीट मिळत नाही म्हणून. मग एक जाडजूड बारवाला आला, त्याला किरिवावान्वू हवा होता. बारवाल्यांनाही संत आहे!

मी सांगते ते कुणाला ऐकूच जात नाही. "पोरी, माझ्याशी बोलतेयस की चित्राशी?" असं एकजण म्हणाला. सगळे हसले. कान तापले माझे.

मोटारसायकलवाले ग्यावीरा नेतात. रस्ते, गाड्या, रहदारी सगळं त्याच्याकडे. एकानं विचारलं, हा पोलिसांपासून वाचवतो का? आई म्हणाली, "तू हेल्मेट घालत जा बाबा. त्याला जरा उसंत मिळू दे."

बावीस संत आहेत आमचे, सगळे हुतात्मे. धर्म सोडत नाहीत म्हणून राजानं जाळलं, तोडलं, तरी ते सगळ्यांसमोर बोलले. ज्यांच्या तोंडून शब्दच फुटत नाही त्यांचा कोण? आईला विचारलं. ती माळेत मणी ओवत होती. "असेल कोणीतरी," म्हणाली.

२५ मे

आत्यानं तालीम घेतली. गुडघ्यावर बसायचं कसं, नजर कुठं ठेवायची. माझ्या तोंडून 'हो'सुद्धा निघालं नाही. तिला ते चाललं!

२९ मे

ग्यावीराचं एक चित्र टपरीतून घेतलं आणि त्याला सांगितलं — उद्या मुकोनोचा रस्ता अडव. कुणाला लागू नये. कुणाचं टायरसुद्धा फुटू नये. फक्त त्यांच्या गाड्या अडकू देत. अंधार पडला की लोक कंटाळून परत जातील.

चुकीचं मागितलं का? तो गाड्या चालू ठेवणारा संत आहे.

३० मे, शनिवार

अडकल्या! किरेकापाशी मुंगीलासुद्धा वाट नव्हती म्हणतात. सकाळी येणार होते, दुपारच्या जेवणाची वेळ टळली तरी पत्ता नाही. केळीच्या पानातलं कोंबडं गार झालं. आत्या दर घटकेला फाटकापर्यंत जायची आणि आईकडे जळजळीत बघत परत यायची. मी आत नवी गोमेसी, आमचा सणासुदीचा लांब झगा, घालून बसलेले, खांद्यांवरची टोकं ताठ. मला तर हसू यायला लागलं होतं.

आणि मग ढोल वाजले.

आले. गाड्या लांब सोडून, पांढरे झगे सांभाळत, यात्रेकरूंमधून चालत आले. उशिराचा दंड हसत हसत भरला. साखर, मीठ, टोपल्या, एक शेळी. शेळी फणसाला बांधली.

मला बाहेर नेलं. गुडघ्यावर बसले. आमच्या बाजूनं बोलायला नेमलेल्या माणसानं विचारलं, "तेओपिस्ता, हे पाहुणे तुझ्या ओळखीचे का?"

'नाही' शब्द जिभेवर होता. सगळं अंगण माझ्याकडे बघत होतं. मुवोंगे पण. त्यांच्या कपाळावर घाम होता.

मी चटईकडे बघितलं.

आत्या म्हणाली, "लाजतेय पोर. ओळखते म्हणतेय."

बायकांनी आरोळ्या दिल्या. आई देत नव्हती. ती ताटं उचलत होती.

३१ मे

आईला सगळं सांगितलं. कोंडीचं पण. वाटलं रागावेल.

ती चुलीतली लाकडं मागं ओढत राहिली. मग म्हणाली, "सणाच्या तोंडावर रस्ता तुंबतोच, तेओ. म्हणून तर तो शनिवार मागितला मी."

म्हणजे आईलाही हे लग्न नको होतं! आई विधवा, आत्या बाबांची बहीण — आत्याच्या शब्दापुढं आईचा शब्द चालत नाही. तारीख तेवढी तिच्या हातात होती.

"पायी येतील हे काही माझ्या डोक्यात आलं नाही," म्हणाली. आणि आम्ही दोघी हसलो. मग रडलो.

नंतर तिनं ते चित्र घेतलं, अंगावरच्या कापडाच्या टोकानं पुसलं. "आणि याला तू गाड्या अडवायला लावल्यास? गाड्या होत्या कुठं तेव्हा? हा राजाचे निरोप घेऊन पळायचा. दरबारात त्याच्याइतकं वेगानं कोणी पळत नसे. मुवोंगेंसाठी निरोप दे याच्याकडे. ते काम येतं त्याला."

१ जून

पाठवला.

टपरीमागं पोत्यावर बसून लिहिला. कुठं माझा अंगठा आणि कुठं ग्यावीराचे पळणारे पाय! सकाळ त्यातच गेली. लिहिलं — "मुवोंगे साहेब, मी तेओपिस्ता. परवा मी हो म्हणाले नाही. आत्या म्हणाली. मी तुम्हाला ओळखत नाही आणि मला लग्न नको. तुम्ही वाईट नाही. तुमचा फोन परत देते. हे तोंडानं बोलता आलं नाही, माफी."

आईनं आत्याला कळवलं. आत्या आली ती उभीच राहिली. "बोलायला जीभ नाही आणि अंगठा मात्र सुरीसारखा!" पाणीसुद्धा न घेता गेली. आमची जमीन बाबांच्या घराण्याची; आता आत्या तिचं काय करेल, आईला तीच भीती.

मुवोंगेंचं उत्तर अजून नाही.

२ जून

उत्तर आलं. "मला आधीपासून तू हो म्हणालीस असंच सांगितलं होतं. मीच विचारायला हवं होतं. फोन राहू दे, लिहीत जा. आत्याशी मी बोलेन. शेळी न्यायला माणूस पाठवतो."

शेळी पहाटे व्याली. दोन पिल्लं. एक अगदी पांढरं. माणूस यायच्या आत हे त्यांना लिहायला हवं.