पाच कार्डं आणि माझे डोळे

४ नोव्हेंबर, सोमवार
दहापैकी नऊ! मी वस्तू दाखवायची, ठमीनं समोरच्या पाच चित्रकार्डांतून त्या वस्तूचं कार्ड उचलून माझ्या हातात द्यायचं. बरोबर आलं की एक मनुका. पाणी, बॉल, बिस्कीट, झोका — लेक सगळं करते. फक्त ‘पुरे’च्या कार्डाला अजून हात लावलेला नाही. कंटाळा आला की ते द्यायचं असतं. मला त्याची घाई नाही. पाच वर्षांची झाली, एक शब्द फुटलेला नाही. थांबून कसं चालेल?

शुक्रवारी शाळेची मुलाखत. मुख्याध्यापिकांची अट एकच — “स्वतःची गरज तिनं स्वतः सांगायला हवी. आईच्या मदतीनं नाही.”

५ नोव्हेंबर
आज सासूबाईंनी धडा घेतला. दहापैकी दोन. “माझ्याजवळ का नाही करत? मी काय मनुका मोजून देते?” दिवसभर फुगून बसल्या.

६ नोव्हेंबर
कार्डांची ही पद्धत मला शिकवणाऱ्या ताई आल्या. बराच वेळ नुसत्या बघत होत्या. मग म्हणाल्या, “अहो आई, तुम्ही बरोबर कार्डाकडे बघता. ती कार्ड बघतच नाही, तुमचे डोळे बघते.”

असा संताप आला! सहा महिने घसा कोरडा केला, त्याचं हे? त्या गेल्यावर काळा चष्मा लावून बसले. दहापैकी दोन.

७ नोव्हेंबर
मदत हळूहळू काढायची असते — आधी हात, मग बोट, मग नजर. हात आणि बोट मी कधीच काढलं. नजर राहिली, आणि मला पत्ताच नाही.

नवरा म्हणाला, “उद्या जरा बघितलंस तर कुणाला कळणार आहे?” त्याच्यावर ओरडले. माझ्याही मनात तेच होतं, म्हणून ओरडले.

८ नोव्हेंबर, शुक्रवार
मुख्याध्यापिकांनी पाण्याचा ग्लास दाखवला. ठमी माझ्याकडे बघत राहिली. मी डोळे घट्ट मिटून घेतले. पाणी चुकलं, मुख्याध्यापिकांच्या ‘अंहं’वरून कळलं. बॉल चुकला. झोकाही.

मग ठमीची खुर्ची सरकली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, “बरं बाळा, थांबूया.” डोळे उघडले तर त्यांच्या हातात ठमीनं दिलेलं ‘पुरे’चं कार्ड.

“सोमवारपासून पाठवा तिला.”

त्या कार्डाकडे मी कधी बघितलंच नव्हतं.