बेरी धरायची नाही

७ एप्रिल, सकाळ
आजपासून पॅलिओ डाएट. ठरलं म्हणजे ठरलं.
काल लेक येऊन गेली. आल्या आल्या फ्रिज उघडला. आत अर्धा लिटर दूध, एक लिंबू आणि बिस्किटांचे चार पुडे. (मुंग्यांमुळे आत ठेवते. त्यात तोंड वासण्यासारखं काय आहे?) मग डॉक्टरांचा कागद वाचला. मग माझ्याकडे बघितलं. म्हणाली, आई, बाबा जाऊन अकरा महिने झाले आणि तू अकरा महिने चहा-बिस्किटांवर काढलेस. घराला कुलूप लाव आणि चल माझ्याकडे. मागची खोली रिकामीच आहे.
मी म्हटलं, मी काय सामान आहे? रिकामी खोली दिसली की नेऊन ठेवायला?
बरीच खडाजंगी झाली. शेवटी करार. सहा आठवड्यांत पाच किलो उतरवायचे. उतरले तर हा विषय तिने जन्मात काढायचा नाही. नाही उतरले तर मी निमूटपणे बॅग भरायची. अठरा मे, रविवार, ती स्वतः येऊन काट्यावर उभी करणार.
वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंकडे काटा आहे. आजचं वजन ७१.४. त्यांच्या सहीने लिहून घेतलं. साक्षीदार असलेला बरा, लेक माझीच आहे.

८ एप्रिल
पुस्तकाबद्दल. रद्दीवाल्याकडे मिळालं. शाळा सातवीत सुटली, पण छापलेला कागद मी त्यानंतर कधी सोडलेला नाही, औषधाच्या डबीतला सुद्धा. हे पुस्तक दोन वेळा वाचलं.
लेखकाचं म्हणणं असं: माणसाने शेती सुरू केली आणि तिथेच त्याचं पोट बिघडलं. त्याआधीचा आदिमानव खायचा ते खा. मांस, मासे, अंडी, भाज्या, फळं, कंद. धान्य बंद, डाळ बंद, साखर बंद, दूध बंद. तुपाला मात्र परवानगी. कारण लोणी कढवलं की दुधाचा जो काही अंश असतो तो बेरी होऊन तळाला बसतो. वर राहतं ते निर्दोष तूप.
तूप रोज किती खायचं ते ‘पान ११२ पाहा’ असं लिहिलं आहे. ११२वं पान कोणीतरी फाडून नेलं आहे. म्हणजे लेखकाने ते आपल्यावर सोडलं.

९ एप्रिल, दुपार
लोणी आणलं. कढवलं.
अकरा महिन्यांनी. हात विसरला असेल वाटलं होतं, पण विसरला नव्हता. आधी फेस, मग तडतड, मग तडतड थांबते आणि वास बदलतो. त्या क्षणी गॅस बंद करायचा. अस्तराच्या तुकड्यातून गाळलं. बरणीत सोनं.
पातेल्याच्या तळाला बेरी. खरपूस, तांबूस. नियमाप्रमाणे टाकायची होती. पण पातेलं घासायचं तर खरवडावं लागतंच, आणि खरवडलेलं हातात घेऊन उभं राहायचं किती वेळ? खाल्ली. वर चिमूटभर साखर. बेरीला साखर लागते, मला नाही.
ही गोष्ट डाएटमध्ये धरायची नाही. हा भांडी घासण्याचा भाग आहे.

११ एप्रिल
दुकानात सांगितलं. आमचं आल्टरेशनचं दुकान, दोन मशीन, एक मास्तर, एक मी. मास्तरांनी पॅन्टची शिवण उसवता उसवता विचारलं, काय हो, आदिमानवाकडे गॅस होता का? मी म्हटलं, विस्तव होता. म्हणाले, आणि पातेलं? मी म्हटलं, लेखकाने विचार केलाच असेल. म्हणाले, गाय धरून तिचं दूध काढायचं, विरजायचं, घुसळायचं, कढवायचं, एवढं होईपर्यंत मागून वाघ येत नव्हता का?
असल्या माणसांमुळेच मानवजात मागे राहिली.
दूध बंद म्हणून चहात तूप घातलं. वर तवंग आला. मास्तरांनी एक घोट घेतला आणि मशीनच्या तेलाची बाटली जागेवर आहे का ते बघून आले.

१३ एप्रिल, रविवार
७१.०!
सहा दिवसांत चारशे ग्रॅम. नर्सबाई म्हणाल्या, काकू, मागच्या वेळी पायात चपला होत्या. मी म्हटलं, तरीही.
लेकीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, छान. ‘छान’ म्हणताना आवाज पडला होता. हरणार हे तिला कळून चुकलं आहे.

१६ एप्रिल
दुसऱ्यांदा तूप कढवलं. पहिली बरणी संपलेली नाही, पण ताजं ते ताजं.
आज दुपारी उकडलेलं रताळं आणि तूप. आदिमानवाचं जेवण. जेवताना वाचायला काही नव्हतं म्हणून पुस्तकाच्या मागची किंमत वाचली.
बेरी. (धरलेली नाही.)

१९ एप्रिल
कमर एक बोट वाढली. टेप आटली असणार, जुनी आहे. मास्तर म्हणाले, बाई, चाळीस वर्षं टेप गळ्यात घालून फिरतोय, टेप सैल पडते, आटत नाही. मी म्हटलं, तुमच्या गळ्यातली पडत असेल.
नवीन टेप घेतली. तीही आटलेलीच निघाली. हल्ली मालच तसला येतो.

२० एप्रिल, रविवार
७१.९. पुस्तकात आहे: सुरुवातीला शरीर गोंधळतं. माझं गोंधळलं आहे. शिवाय नर्सबाईंच्या काट्याचा एक पाय फरशीच्या सांध्यावर येतो. त्यांना दाखवून दिलं. त्यांनी काटा सरकवला. ७२.१. परत होता तिथे ठेवायला लावला.

२३ एप्रिल
डेअरीवाला म्हणाला, ताई, तुपाचं दुकान काढलंत का? आठवड्यात तीन वेळा लोणी.
मी म्हटलं, वैद्यकीय कारण आहे.
बरण्या पाच झाल्या. खरं म्हणजे तूप मी चमचाभरच खाते.

२४ एप्रिल
आज एक लिहून ठेवते, कोणी वाचणार नाही म्हणून.
तूप कढवलं की बेरी यांची. एकतीस वर्षं. कामावरून आले की चपला काढायच्या आधी वासावरून ओळखायचे, सरळ पातेल्यापाशी. चमच्याने खर्र खर्र खरवडत उभे राहायचे. मी ओरडायचे, पातेल्याची कल्हई जाईल. मला विचारायचे, घेतेस का? मी म्हणायचे, मला नाही आवडत.
मला खूप आवडते. बेरी निघते ती किती, दोन चमचे. त्यात दोघांचं कसं व्हायचं?
आता खरवडताना तो आवाज येतो. घरात आवाज असला की बरं असतं. आणि आवाज हवा तर कोणीतरी खरवडायला हवंच.
हे डाएटशी संबंधित नाही.

२७ एप्रिल, रविवार
७२.६. हाडं भरत आहेत. हाडं जड असतात.
लेकीचा फोन. आवाज दमलेला. म्हणाली, आई, मागच्या खोलीचं जरा तुझ्याशी… मी तिथेच तोडलं. म्हटलं, तीन आठवडे बाकी आहेत, आत्तापासून गुडघ्याला बाशिंग बांधू नकोस. खोली झाडून ठेवायची घाई नको. फोन ठेवला. जरब हवी.

३० एप्रिल
आजपासून कडक. नवीन नियम: बेरी खायची नाही. बेरीत दुधाचा अंश असतो, हे मी पुस्तक नीट वाचून मान्य केलं आहे.

३० एप्रिल, दुपार
बेरी टाकायला बाहेर गेले. डब्याचं झाकण घाण होतं. तिथे उभी राहून खाल्ली. घरात खाल्ली नाही, हा फरक आहे.

४ मे, रविवार
नर्सबाईंनी आज तोंड उघडलं. ७३.२ बघून म्हणाल्या, काकू, रागावू नका, तुम्ही तुपासाठी लोणी नाही कढवत, बेरीसाठी कढवता. तूप तर सगळं माझ्या फ्रिजमध्ये आहे. (बरण्या मावेनात म्हणून त्यांच्याकडे चार ठेवल्या होत्या.)
नर्सबाईंना इंजेक्शनातलं कळतं, स्वयंपाकातलं कळत नाही. त्यांना तसं स्पष्ट सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, बसा, जेवून जा. जेवणात भात होता. पाहुण्याने नाही म्हणायचं नसतं. आदिमानव सुद्धा दुसऱ्याच्या गुहेत गेला की समोर येईल ते खात असणार.
लेकीचा फोन. ‘अगं, ऐक तरी’ असं तीनदा म्हणाली. मी तिला लोणी आणि तूप यातला फरक समजावून दिला. वीस मिनिटं लागली. मग तिकडे कोणीतरी हाक मारली आणि ती गेली.

७ मे
लेकीकडची ती खोली मला नकोच आहे. खिडकी पूर्वेला. सकाळी तोंडावर ऊन येणार. नातवंडांची शाळेची गडबड सात वाजल्यापासून. स्वयंपाकघर शेजारी, म्हणजे सगळे वास, सगळे आवाज, ताटं, भांडणं, हसणं. माणसाने वाचायचं कधी?

८ मे
तरी त्या खिडकीला पडदा काय लागेल याचा हिशोब केला. शिवणाऱ्या माणसाला खिडकी आठवली की माप आठवतं. दोन पडदे, फिकट निळे. कापड दुकानात शिल्लकच होतं. शिवून ठेवले. हातांना सवय हवी म्हणून.

११ मे, रविवार
७३.७. आता खरं बोलायला हवं. सात दिवसांत सव्वासात किलो उतरणं अवघड आहे. अशक्य नाही. अवघड आहे.
मी दिलेला शब्द पाळणारी बाई आहे. हरले तर हरले, रडणार नाही. कोणाच्या दारात जायची हौस नाही, पण करार तो करार.
फोनवर लेकीला सहज विचारलं, खोलीत भिंतीला पुस्तकांची फळी बसेल का? तिने आधी पोरांना बाहेर पिटाळलं. मग म्हणाली, रविवारी समोरासमोरच बोलते. फोन ठेवायच्या आधी दोनदा ‘आई’ म्हणाली. एवढं प्रेम आहे तर आधी दाखवायचं.

१३ मे
तूप कढवलं, सगळी बेरी खाल्ली. डब्याकडे वगैरे गेले नाही. ओट्याशी उभं राहून, साखर घालून. आता पाच किलो काय आणि सव्वासात काय. हरायचं तर झोकात हरावं.

१५ मे
बॅग भरली. भरायला दिवस लागला नाही, दुपार पुरली. यांचा चष्मा कुठे ठेवावा ते कळेना. शेवटी माझ्या लोकरीच्या टोपीत गुंडाळला.
तूप घेऊन जाणार. नातवंडांना होईल. सात बरण्या.

१७ मे, शनिवार
मास्तरांना सांगितलं की सोमवारपासून नाही. ते बराच वेळ दोऱ्याचं रीळ शोधत राहिले. रीळ हातातच होतं. मग बाहेर जाऊन केक घेऊन आले. म्हणाले, मशीन कोणाला देत नाही, बसणारं माणूस मिळेपर्यंत झाकून ठेवतो. आणि म्हणाले, हरण्याचा एवढा आनंद झालेलं माणूस मी आयुष्यात बघितलं नाही.
आनंद कसला! काहीतरीच. केकमध्ये मैदा, साखर, दूध, सगळं होतं. दोन तुकडे घेतले.

१८ मे, रविवार, संध्याकाळ
७४.१.
लेक सकाळी अकराला आली. मी तयार बसले होते. नर्सबाईंच्या काट्यावर उभी राहिले, आकडा मोठ्याने वाचला. खाली आल्यावर म्हटलं, हरले. शब्द पाळते. बॅग दाराशी आहे, तूप पिशवीत आहे, रिक्षा बोलाव.
ती बॅगेकडे बघत राहिली. मग तिथेच खाली बसली आणि रडायला लागली. मला वाटलं, आनंदाने. मी पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, अगं, येतेय ना मी.
मग तिने सांगितलं. तीन आठवड्यांपूर्वी विहीणबाई बाथरूममध्ये पडल्या. खुब्याचं हाड. त्यांना मागच्या खोलीत आणून ठेवलं आहे, पलंग, वॉकर, दिवसाची बाई, सगळं तिथेच. चार-सहा महिने तरी, मग पुढे बघायचं. म्हणाली, मी दर रविवारी सांगत होते आई, तू बोलूच देत नव्हतीस.
मी म्हटलं, खुबा म्हणजे फार वाईट. त्यांना तूप दे. हाडांना चांगलं.
म्हणाली, आई, रागावलीस?
मी म्हटलं, रागवायचं काय, मी पहिल्या दिवसापासून काय म्हणत होते? मला माझं घर सोडायचं नाही. झालं की मनासारखं.
ती म्हणाली, हॉलमध्ये गादी टाकू, करू काहीतरी. मी म्हटलं, वेडी आहेस का. मग तिला जेवायला घातलं. अंडी, भाजी आणि पाव. पाव मीही खाल्ला. पॅलिओ आज संपलं. त्याचं काम झालं.
चारला तिला निघायचं होतं, दिवसाची बाई पाचला जाते म्हणून. जाताना दोन बरण्या नेल्या. पाच तिला उचलवल्या नाहीत. पडद्यांचं मी काही बोलले नाही.
बॅग उपसून कपडे कपाटात लावले. उपसायलाच वेळ जास्त लागला.
उद्या दुकानात जायचं आहे. कालच केक कापलाय म्हटल्यावर मास्तर विचारणारच. त्यांना काय सांगायचं ते ठरवून ठेवलं आहे. सांगेन, मी ऐन वेळी नाही म्हणाले. लेक बॅगेपाशी बसून रडली हो, पण मी बधले नाही.
यातलं अर्धं तर खरंच आहे.