मिशिगनमधले पिंगळे

ॲन आर्बर, मिशिगन
१ नोव्हेंबर २००४

तीर्थस्वरूप दिगंबरकाकांच्या चरणी मोरेश्वरचे साष्टांग नमस्कार. आश्लेषाचाही नमस्कार (ती ऑफिसात आहे, पण विचारलं असतं तर घातलाच असता). सरलाकाकूंना सांगा की लोणचं सुखरूप पोचलं, तेल फक्त माझ्या पांढऱ्या शर्टाने प्यायलं. तुमची तब्येत कशी आहे? म्हणजे गुडघे, रक्तदाब अशा किरकोळ गोष्टींबद्दल विचारत नाही. एकंदरीतच कसे आहात? भूक लागते ना? फिरायला गेलात तर ओळखीचे लोक तुम्हाला पाहून नमस्कार करतात ना? हाक मारली तर शेजाऱ्यांना ऐकू जाते ना? (हे सगळं सहज विचारतोय.) आम्ही इकडे मजेत आहोत. थंडी पडू लागली आहे, झाडांची पानं गळून गेली आहेत आणि लोकांनी अंगणात भोपळे मांडून झाडांना प्लास्टिकचे सांगाडे टांगले आहेत. इथे हा सण असतो. एरवी मी त्याकडे बघून हसतो. यंदा नाही हसलो.

सगळी भानगड आपल्या आडनावामुळे झाली. तुम्हाला ठाऊकच आहे की आजोबांच्या मास्तरांनी दाखल्यावर इंग्रजीत नाव घालताना मधला एक 'ए' गाळला, त्यामुळे जगातले बाकी पिंगळे पिंगळेच राहिले आणि आपण इथे येऊन 'पिंगल' झालो, सिंगलच्या चालीवर. ऑफिसात सगळे तसंच म्हणतात. मीही सवयीने ओ देतो. (ओ देण्याबद्दल पुढे लिहायचं आहेच.) तर ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी फोन आला. पलीकडे एक म्हातारा, अगदी सावकाश बोलणारा. म्हणाला, मी वॉल्टर पिंगल. तो इथून तासाभरावर, मक्याच्या शेतांमध्ये राहतो आणि गेली कित्येक वर्षं टेलिफोनच्या डिरेक्टऱ्यांतून आपल्या आडनावाची माणसं धुंडाळतो आहे. त्याने विचारलं, तुम्ही हॅडर्लोचे पिंगल का? (हे इंग्लंडातलं ठिकाण, हे मला मागाहून कळलं.) मी म्हटलं, नाही, आम्ही नागपूरचे. त्याने नाक शिंकरलं आणि म्हणाला की तिकडेही आपली शाखा आहे याची त्याला कल्पना नव्हती.

आता इथे मी खुलासा करायला हवा होता हे मान्य. पण काका, परदेशात एखादा माणूस आपलं आडनाव ऐकून गहिवरतो तेव्हा त्याला 'राँग नंबर' म्हणवत नाही. शिवाय त्याने जेवायला बोलावलं. पुढच्या रविवारी आम्ही गेलो. दार वॉल्टरनेच उघडलं. (उंच, वाकलेला, कानात यंत्र.) त्याने माझ्याकडे, म्हणजे तुमच्याच रंगाच्या माझ्या चेहऱ्याकडे, निरखून पाहिलं आणि म्हणाला की तिकडे ऊन फार कडक असणार. बस, एवढ्यावर वंशाचा प्रश्न मिटला. घरात दुसरं माणूस म्हणजे त्याची बहीण ईडिथ. लग्न केलेलं नाही, त्यामुळे तीही पिंगलच. तिने आश्लेषाला विचारलं, लग्नानंतर तूही आमच्यातलीच झालीस का? आश्लेषा म्हणाली, मी माझं आडनाव बदललेलं नाही. त्यावर ईडिथ तिच्या हातावर थोपटून म्हणाली, शहाणी आहेस. तेव्हा आम्ही हसलो होतो.

जेवताना आडनावाचा इतिहास झाला. त्यांच्या मुलखात जुन्या बोलीत 'पिंगल' म्हणजे घरामागचं दगडी कुंपणाचं लहानसं शेत. अशा एका शेताकडेला राहणारे ते पिंगल. इंग्लंडच्या मधल्या भागातल्या एकाच खोऱ्यात ही माणसं होती, कधीच फार नव्हती आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथून हललीही नाहीत. मग दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी तीन भाऊ निघाले म्हणे. म्हणजे एक राहिला, एक मिशिगनला आला आणि तिसरा पूर्वेकडे गेला तो गेलाच, त्याचं एकही पत्र आलं नाही. वॉल्टरच्या मते तो तिसरा म्हणजे आपण. (दीडशे वर्षं पत्र न टाकणारा माणूस आपल्याच घराण्यातला असणार, याबाबतीत मला त्याचं म्हणणं पटलं.)

मग त्याने आम्हाला नकाशा दाखवला. जेवणाच्या खोलीची एक भिंत त्याने व्यापलेली. जिथे जिथे पिंगल आहे तिथे टाचणी. जिवंताची लाल, मेलेल्याची काळी. इंग्लंडच्या त्या खोऱ्यात काळ्या टाचण्या अशा दाटल्या होत्या की गुळाच्या खड्याला मुंगळे लागावेत. तिथून लिव्हरपूलपर्यंत एक बारीक काळी रांग, समुद्र, आणि मग मिशिगनमध्ये पुन्हा काळा पुंजका, त्यात दोन लाल. इंग्लंडात चारदोन लाल उरल्या होत्या. आणि ॲन आर्बरवर एक लाल, एकटीच. ती मी. त्याने ती फोन करण्याच्या आधीच लावली होती. मी फळं कापत होतो, बस पकडत होतो, आणि इकडे भिंतीवर मला टोचून ठेवलेलं होतं, हा विचार मला बरा वाटला नाही. वॉल्टर म्हणाला, माणूस गेला की लाल काढून काळी त्याच भोकात लावायची, नवीन भोक पाडायचं नाही.

आपल्यासाठी त्याने जगाचा नकाशा आणून ठेवला होता. मी एकेक नाव सांगत गेलो आणि तो लावत गेला. पुण्याला बाबांची काळी. पुण्यालाच भावाची, संजीवची लाल. नागपूरला तुमची लाल. तो प्रत्येक नाव पुन्हा पुन्हा घोकत होता, जणू परीक्षेला बसायचं आहे. मला वाटलं, हौस आहे म्हाताऱ्याला.

मग ईडिथने विचारलं, तुमच्या भाषेत या नावाचा अर्थ काय? काका, तुमची बाजू मी पहिल्यांदा मांडली. दरबारातले ज्योतिषी, राजाला मुहूर्त काढून देणारे, सगळं सांगितलं. पण मग बाबांचीही सांगितली, की पहाटे अंधारात कंदील घेऊन दारोदार फिरणारा, पक्ष्याची भाषा जाणणारा, घरातल्यांना नावाने हाक मारून पुढचं सांगणारा तो पिंगळा. (माझ्या लग्नात याच वादावरून तुम्ही पानावरून उठलात. पत्रिकेवर 'पिंगळे-जोशी' छापलं नाही हे निमित्त झालं, आणि बाबा भर पंगतीत 'आपण दारोदार फिरणारे' म्हणाले हे कारण. त्यानंतर बाबा जाईपर्यंत तुम्ही दोघे एकमेकांशी बोलला नाहीत. मी कुणाची बाजू घेत नाही, वॉल्टरच्या भाषेत सांगायचं तर मी नुसती टाचणी आहे.) पण हे ऐकल्यावर बहीणभावाने एकमेकांकडे पाहिलं आणि ईडिथने हळूच विचारलं, नावाने हाका मारतात? म्हटलं, हो. ती म्हणाली, मग तुम्ही आमचेच.

तिथून निघताना वॉल्टरने काम सांगितलं. त्यांच्याही घरामागे तसंच एक दगडी कुंपणाचं शेत आहे. मिशिगनला आलेल्या भावाने हाताने रचलेलं. त्यात काही पेरत नाहीत. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी, मका कापून झाल्यावर, एका पिंगलने फाटकाशी उभं राहून घराण्यातल्या सगळ्यांची नावं घ्यायची, मेलेल्यांची आणि असलेल्यांची, आणि एका पिंगलने आत मधोमध उभं राहायचं. का, असं मी विचारलं. तो म्हणाला, घरी अजून कुणीतरी आहे हे त्यांना कळावं म्हणून. इतकी वर्षं आत ईडिथ उभी राहायची. यंदा तिचं कमरेचं हाड मोडलं होतं. आत कुणीच उभं राहिलं नाही तर काय होतं, असं आश्लेषाने विचारलं. वॉल्टर म्हणाला, अजून तसं झालेलं नाही. आणि त्याने विषय सफरचंदांवर नेला.

तर परवा शनिवारी आम्ही गेलो. आश्लेषा ईडिथपाशी स्वयंपाकघरात बसली. मी शेतात गेलो. दुपार कलली होती, आभाळ राखेसारखं, सगळीकडे कापलेल्या मक्याचे खुंट. पण कुंपणाच्या आत नुसतं गवत, आणि वारा नाही. बाहेरचे खुंट सळसळत होते, आत गवताचं पातंही हलत नव्हतं. मी नवा लोकरी कोट आणि डोक्याला माकडटोपी अशा वेषात मधोमध उभा राहिलो आणि हे संजीवला कधीच कळता कामा नये असं मनाशी ठरवलं.

वॉल्टरने फाटकातून नावं घ्यायला सुरुवात केली. जॉन पिंगल. हॅना पिंगल. जोसाया पिंगल. आणि काका, मी शपथेवर सांगतो, उत्तरं येऊ लागली. मोठ्याने नाही. आपण शाळेत हजेरीला कंटाळून 'हजर' म्हणायचो ना, तशी. एक कुंपणाच्या कोपऱ्यातून, एक माझ्या पाठीमागून, एक तर अगदी कोपरापाशी. बायकांची, लहान मुलांचीही. वॉल्टर मान खाली घालून नावं घेत होता. त्याला ऐकू येत नव्हतं (यंत्र बंद होतं असं नाही, फाटकातल्याला ऐकू येतच नाही म्हणे). मला पळायचं होतं, पण पळायचं म्हणजे त्यांच्यामधून पळायला हवं होतं.

इंग्लंडातली जिवंत नावं आली तेव्हा सगळं गप्प होतं. मग आपली आली. वॉल्टरने घोकलेलं सगळं पणाला लावून 'श्रीरॅम पिंगल' अशी हाक दिली. आणि माझ्या डाव्या हाताला, जरा वैतागलेल्या आवाजात, पेपर वाचत असताना कुणी हाक मारली की बाबा म्हणायचे तसंच, 'काय रे?' मी वळून पाहिलं. गवत होतं. मी माकडटोपीने डोळे पुसले. नंतर संजीवचं नाव आलं. संजीवने उत्तर दिलं नाही (तो ईमेललाही देत नाही). आणि मग वॉल्टर म्हणाला, 'डिगम्बर पिंगल.' त्याने पुढच्या नावासाठी श्वास घेतला. मग लांबून, अंगणातून चपला शोधत यावं तसा, तुमचा आवाज आला.

'आलो, दादा.'

एवढंच. मग माझं नाव आलं, मी कसंबसं 'हजर' म्हटलं आणि संपलं. आत गेल्यावर ईडिथने विचारलं, शेवटी कोण बोललं? मी म्हटलं, माझे काका. तिने विचारलं, ते कधी गेले? मी म्हटलं, गेलेले नाहीत, नागपूरला असतात. तिने हातातली सुरी खाली ठेवली. मग अगदी मायेने म्हणाली, 'जिवंत माणसं उत्तर देत नाहीत, बाळा. त्यांना कामं असतात.'

घरी येताना गाडी आश्लेषाने चालवली. लोकांच्या अंगणातले सांगाडे हेडलाइटमध्ये येत आणि जात होते. मध्यरात्री, म्हणजे तुमच्याकडे सकाळ झाल्यावर, तुम्हाला फोन लावला. वाजत राहिला. रविवारी दिवसभर लावला. वाजत राहिला. आईला विचारावं तर ती घाबरेल. म्हणून आज सुट्टी टाकून हे पत्र लिहितो आहे. आश्लेषा सकाळी म्हणाली की फोन उचलायला कुणी नसेल तर पत्र कोण फोडणार? तिचं बरोबर आहे. पण मला वाटतं, ज्याला इतकं लांब पत्र लिहिता येतं तो माणूस असतोच. नसलेल्याला इतकं लांबण लावायचा धीर कुणाला होईल?

बाकी सर्व क्षेम. काकूंना नमस्कार.

तुमचा
मोऱ्या

ता. क. काका, वरची सगळी पानं नाही वाचलीत तरी चालेल. तुम्ही आहात ना, एवढंच कळवा.

ता. क. दुसरा (अकरा वाजता, म्हणजे तुमची रात्र). पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून लिहितो आहे. आत्ताच फोन आला, सरलाकाकूंचा, आणि तोही पुण्याहून, आईच्या घरून! त्या म्हणाल्या की शनिवारी रात्री, पहाट व्हायच्या आधी, तुम्ही झोपेतच उठलात, मोठ्याने 'आलो, दादा' म्हणालात, दार उघडून अंगणात जाऊन उभे राहिलात आणि बऱ्याच वेळाने येऊन शांत झोपलात. सकाळी काही आठवत नव्हतं. फक्त म्हणालात, वहिनींना भेटून येऊ. पाच वर्षांत त्या घराची पायरी न चढलेले तुम्ही त्याच सकाळी गाडीत बसलात. काकू म्हणतात, तुम्ही फार प्रेमाने वागताय, त्यामुळे त्यांना काळजी वाटते. मग तुम्ही फोन घेतलात, 'थंडीत कान बांधत जा' म्हणालात आणि आमटी गार होतेय म्हणून परत दिलात. तुमचा आवाज शेतात ऐकला अगदी तोच होता. म्हणूनच मी नुसतं 'हो' म्हटलं.

ता. क. तिसरा. वॉल्टरला कळवलं. त्याची पंचाईत झाली आहे. हाकेला ओ दिली म्हणजे टाचणी काळी, आमटी जेवतोय म्हणजे लाल. सध्या त्याने नागपूरची टाचणी काढून ठेवली आहे आणि भोक तसंच आहे. पुढल्या वर्षी फाटकाशी मी उभं राहायचं, असं त्याने सांगितलं आहे. तुमचं नाव घेऊ का नको, ते विचार करून कळवा. नको म्हणालात तर मी सुटलो. हो म्हणालात तर त्या रात्री काकूंना दाराला कुलूप लावायला सांगा.

ता. क. शेवटचा. खरं विचारायचं होतं ते राहिलंच. मला बाबा फक्त 'काय रे' म्हणाले. तुम्ही अंगणात बराच वेळ होतात. तुम्हाला ते काय म्हणाले? आठवत नसेल तर तसं स्पष्ट लिहा, मनचं रचून सांगू नका. आणि रचूनच सांगायचं असलं तर जरा सविस्तर सांगा.