दारापेक्षा रुंद टोपली

बाबा, मी हॉलमध्ये अडकलेय. बोलायचं म्हणून नाही, खरंच अडकलेय. मी खिडकीकडे, दार पलीकडे, मधे टोपली. आणि ती टोपली दारातून जात नाही.

हसू नका. बोरीवलीतली आपली चाळ पाडून तिथेच हा टॉवर झाला, त्यात तिसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो. अंधेरीच्या एका हॉटेलने पहिल्यांदाच मला मोठं काम दिलंय, आत माणूस मांडी घालून बसेल एवढी टोपली. तुमच्यासारखा बांबू नाही हं. आरे कॉलनीच्या रस्त्याकडेला छाटून टाकलेल्या वेली मी गोळा करून आणते, सोसायटीचा माळी मधुमालती कापतो तीही उचलते. सगळं बाथरूममध्ये भिजत पडलेलं असतं, आंघोळीला जाणारा प्रत्येकजण करवादतो. उद्या सकाळी टेम्पो येतोय.

तुम्ही धान्याची कणगी अंगणात विणायचात. आत बसून विणायचात आणि मी बाहेरून चिरलेल्या बांबूची एकेक कामटी द्यायचे. एकदा ऊन लागतंय म्हणून मी अर्धी कणगी खोलीत ओढायला लागले, तर केवढ्याने ओरडलात! "अगं येडे, मोठं काम घरात घेतात का? आत वाढली तर बाहेर कोण काढणार, तुझा बाप?" सगळी चाळ हसली, मी भोकाड पसरलं. मग तुम्हीच मला उचलून कणगीत ठेवलंत. आतून वर बघितलं तर गोल आभाळ दिसत होतं.

इथे अंगण कुठलं? गच्चीला कुलूप, खिडक्यांना ग्रिल, लॉबीत चप्पल राहिली तरी सेक्रेटरीचा फोन. संध्याकाळी नवरा आला, त्याने टोपलीवरून हात लांब करून मला चहा दिला, मग कोयता दिला. "काप ना मधून. तिकडे नेऊन जोड, कोणाला कळतंय?" कोयता घेऊन बसले मी बराच वेळ. पण असा राग आला ना, बाबा! दरवेळी मीच काय म्हणून कापायचं, या खोलीच्या मापाने?

सुताराला फोन केलाय. उजाडताच येऊन दाराची चौकट काढेल. तेवढ्या जागेतून टोपली निघते, मोजलंय. नवऱ्याला सांगितलेलं नाही, सोसायटीला तर नाहीच.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीये, म्हणून तुम्हाला खरं ते सांगते. दार केवढं आहे ते मला पहिल्यापासून माहीत होतं. टोपली रुंद होत चाललेली दिसत होती. मी विणत राहिले.