अक्काकडे जाण्याची स्वस्तात स्वस्त तयारी

२ मार्च, सकाळी ७.१५

आजपासून रोजनिशी. नातीने फोनमध्ये सोय करून दिली. तारीख फोन आपली आपण टाकतो, वाटलं तर वेळही. मी माइकचं चित्र दाबून बोलते, तो लिहितो. काय लिहितो ते मला वाचता येत नाही, त्यामुळे आमचं भांडण होणार नाही.

विषय असा. अक्का, माझी थोरली बहीण, तिच्या मुलाकडे परदेशी चालली. कायमची. वीस तारखेला विमान. ती ब्याऐंशीची, मी चौऱ्याहत्तरची. या वयात तिकडे गेलेली माणसं परत येतात ती फोटोतूनच. काल फोनवर म्हणाली, धाकटे, त्याआधी येऊन जा, दोन दिवस राहा. मी म्हटलं, येते की. सात तासांची तर बस.

वाईट वगैरे काही वाटत नाही. नीट तपासून पाहिलं. नाही वाटत.

२ मार्च, दुपारी १.४०

नात म्हणाली, आजी, आत्ताच तिकीट काढून टाकते. मी म्हटलं, हात आवर. चाळीस वर्षं मंडईत भाजी विकली आहे मी. सकाळी सहाला येणारं गिऱ्हाईक बावळट. शहाणं गिऱ्हाईक दिवे लागल्यावर येतं, तेव्हा पालकाची जुडी अर्ध्या भावात मिळते, वर दोन मिरच्या. बसची सीट पालकासारखीच. सुटेपर्यंत विकली नाही तर गेली, मालक काय घरी नेऊन भिजवून ठेवणार आहे? झक मारत भाव पाडेल.

नात म्हणाली, ॲपमध्ये उलटं असतं गं, दिवस जवळ आला की भाव चढतो. पोरीने जन्मात एक मुळा विकलेला नाही.

तरी तिने अलर्ट लावून दिला. भाव हलला की फोन टिंग करतो.

४ मार्च

टिंग. चढला.

५ मार्च

टिंग. चढला. फुगवून दाखवतात. टोमॅटोवाले पण असंच करायचे.

६ मार्च, सायंकाळी ६.००

पार्सल आलं. नात म्हणते, कमी खर्चात फिरणारे लोक हल्ली सगळं इको-फ्रेंडली नेतात. मी म्हटलं, मग मीही नेणार, उगाच पृथ्वीला त्रास नको. सामान असं: बांबूचा टूथब्रश. वडीचा शाम्पू, म्हणजे प्लॅस्टिकची बाटली नको. घडीचा पेला. उन्हावर चालणारा चार्जर. कापडी पिशवी, तिच्यावर हिरवं पान काढलेलं.

सून पिशवी उलटीसुलटी करून म्हणाली, आई, तुमची जुन्या चादरीची पिशवी अशीच होती, मागच्या महिन्यात मीच फेकली. मी म्हटलं, तिच्यावर पान नव्हतं.

दात माझे रात्री वाटीत असतात. त्यामुळे बांबूचा ब्रश मी घासायचा की वाटीने, हे अजून ठरलेलं नाही. घडीच्या पेल्यात चहा घेतला. अर्धा प्यायल्यावर पेल्याने आपणहून घडी घातली. उरलेला चहा मांडीवर. भाजलं असावं. फार काही जाणवलं नाही.

बाकी तयारी उत्तम.

८ मार्च

वडीच्या शाम्पूने मुलाने बनियन धुतली. म्हणतो, आई, साबण छान आहे, केसासारखी मऊ झाली. आता प्रवासापुरता तुकडा उरला आहे. सामान हलकं झालं हा फायदाच.

९ मार्च, सकाळी ११.२०

आज मुक्कामाचं बघितलं. नातीच्या ॲपमध्ये एका खोलीत आठ पलंग, एकावर एक, अशी जागा मिळते. हॉटेलपेक्षा पुष्कळ स्वस्त. आणि आदल्या दिवशीपर्यंत कॅन्सल केलं तर दंड नाही. ही पद्धत फार आवडली. बुक केलं.

मुलगा म्हणाला, आई, सख्ख्या बहिणीचं घर असताना आठ अनोळखी पोरांच्यात झोपणार तू? आणि पलंग वरचा मिळालाय, शिडीने चढणार? मी म्हटलं, तिचं घर आवरणं चाललंय, तिला पाहुण्याचा त्रास नको. मला तिच्या आवरलेल्या घरात बसायचं नाही, असं काही नाही.

कॅन्सल केलं. दुसरीकडे बुक केलं. तेही कॅन्सल केलं. दंड शून्य. आता हात बसला.

११ मार्च

उन्हाचा चार्जर गॅलरीत लावला. तीन तास फोन त्याच्यापाशी. संध्याकाळी फोन मेलेला. मुलगा म्हणाला, आपल्या गॅलरीत ऊन येतं दहा मिनिटं, तेही समोरच्या इमारतीच्या काचेवरून उडून. नातीने भिंतीला लावून जिवंत केला. अक्काचे दोन फोन येऊन गेले होते.

तिला उलट फोन करायचा होता. पण आधी बॅटरी पूर्ण भरू द्यावी म्हणतात. मग तिची झोपायची वेळ झाली.

१३ मार्च

मुलगा म्हणाला, रविवारी सुट्टी आहे, मीच गाडीने नेतो, रात्री उशिरा परत. फुकट. मी म्हटलं, दोन माणसांसाठी अख्ख्या गाडीचा धूर? नातीने शिकवलंय मला. बस म्हणजे धूर वाटला जातो. मुलगा नातीकडे बघत राहिला. नात म्हणाली, बाबा, मी हे यासाठी नव्हतं सांगितलं.

१४ मार्च, सकाळी ९.३०

अक्काचा फोन. म्हणाली, कधी येतेस? मी म्हटलं, भावावर नजर आहे. ती हसली. म्हणाली, मंडईतून निवृत्त झालीस तरी मंडई तुझ्यातून जाईना. मी म्हटलं, उद्या-परवात पडेलच. ती म्हणाली, बरं. तिच्याकडे कुणीतरी कपाट ओढत होतं, त्याचा आवाज ऐकला.

फोन ठेवला. बॅटरी जपायला हवी.

१६ मार्च

टिंग. भाव दुप्पट.

नात चिडली. म्हणाली, आजी, तुला जायचंच नाहीये. भेटलीस तर निरोप घ्यावा लागेल, म्हणून चाललंय हे सगळं. वीस वर्षांची पोर मला माझ्या मनातलं सांगते. माझ्या मनात काय आहे ते मलाच दिसत नाही, हिला कुठून दिसलं?

पिशवी भरली. हलकी आहे.

१७ मार्च

पिशवी रिकामी करून पुन्हा भरली.

१८ मार्च, सायंकाळी ५.०५

जिंकले! टिंग झालं आणि एक आकडा हिरवा दिसला. ॲपमध्ये हिरवं म्हणजे महिन्यातलं सगळ्यात स्वस्त. अक्षर येत नसलं तरी आकडे मला येतात, वजनाच्या काट्यावर शिकले. नातीला न विचारता स्वतः दाबलं. सीट खिडकीची. म्हणत होते ना, भाव पडतो. चाळीस वर्षं काय उगाच घालवली नाहीत.

सूनबाईंना दाखवलं. मुलाला दाखवलं. नात आली, फोन हातात घेऊन तारखेवर बोट ठेवलं. म्हणाली, आजी, हे एकवीसचं आहे.

मी म्हटलं, माहीत आहे. विसाला हिरवं नव्हतं.

ती म्हणाली, अक्काआजी वीसला जाते. मी म्हटलं, विमानं नेहमी उशिरा सुटतात. ती म्हणाली, एक दिवस? मी म्हटलं, होतं असं. ती म्हणाली, याचे पैसे परत मिळत नाहीत. मी म्हटलं, परत कुणाला हवेत?

१९ मार्च

मुलगा कामावरून लवकर आला. गाडीची किल्ली हातातच. म्हणाला, आई, ऊठ, आत्ता निघू, अजून वेळ आहे. मी म्हटलं, मग परवाचं तिकीट वाया जाईल. तो खुर्चीत बसला. बूट काढले नाहीत. तासाभराने काढले.

२० मार्च, सकाळी ९.१०

अक्काचा फोन. घेतला. म्हणाली, धाकटे, जेवलीस का? मी म्हटलं, हो. म्हणाली, बरं.

सकाळचे नऊ वाजले होते, या वेळी कोण जेवतं? तिलाही ते माहीत आहे.

२० मार्च, दुपारी १२.३०

विमान वेळेवर सुटलं. नातीने फोनमध्ये बघून सांगितलं. तसंही ॲप असतं. फुकट.

२१ मार्च, दुपारी ४.२५

आले.

घरच्यांनी अडवलं. नात सोबत यायला निघाली होती. मी म्हटलं, तुझ्या तिकिटाचा भाव चांगला नाही. बस वेळेवर. खिडकीची सीट खरंच खिडकीची. रस्ताभर बाहेर बघितलं, काय दिसलं ते आठवत नाही.

अक्काचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दार उघडंच होतं. आत चाव्या सांभाळणारा माणूस झाडू मारत होता. हिरवं पान काढलेल्या पिशवीकडे बघून म्हणाला, खोली बघायला आलात ना आजी? मी म्हटलं, हो.

त्याने सगळं नीट दाखवलं. स्वयंपाकघर. नळाला पाणी दोन वेळा. मोरीचा दरवाजा जरा उचलून लावावा लागतो. भिंतीवर कपाटाच्या मापाचा पांढरा चौकोन होता, म्हणाला, रंग मारून देऊ. मी ऊन विचारलं. म्हणाला, दुपारभर असतं. खिडकीत उभी राहून बघितलं. असतं.

मी विचारलं, आधी कोण राहायचं? म्हणाला, एक आजी, कालच गेल्या. शेवटचे आठ दिवस त्यांची एक खुर्ची दुसऱ्या मजल्याच्या वळणावर होती. लोक अडखळायचे, मी दोनदा वर आणून ठेवली, त्यांनी दोनदा खाली नेऊन ठेवली. म्हणायच्या, बहीण यायची आहे, चढताना तिला धाप लागते, मध्ये बसायला नको का? सामान विकलं तेव्हा तेवढी विकली नाही.

मी म्हटलं, आली का बहीण?

म्हणाला, छे हो. असतात काही लोक.

मी म्हटलं, असतात.

मग मी मोरीच्या दरवाजाला नावं ठेवली, जिन्याला नावं ठेवली. त्याने भाडं उतरवलं. मी गप्प राहिले, त्याने आणखी उतरवलं. शेवटी म्हटलं, घरी विचारून सांगते.

खुर्ची वळणावर तशीच होती. थोडा वेळ बसले. वर जाताना न थांबता गेले होते, आणि उतरताना मला धाप लागत नाही.