आठ टीबी आणि मावशींची गाठ

२ ऑक्टोबर, रविवार. चर्चहून आल्यावर.
आजपासून या घरातला फायलींचा पसारा बंद! २९ तारखेला सासूबाईंना जाऊन वर्ष होतंय, त्याचा कार्यक्रम. मांडवात पडद्यावर त्यांचा सत्तरीचा व्हिडिओ दाखवायचा. चर्चमध्ये त्या उभ्या राहून गायल्या, बोलल्या, तो. त्यांचा आवाज आता तेवढ्यातच उरलाय. आणि तो व्हिडिओ कुठे, तर मेव्हण्याच्या मेमरी कार्डावर, बायकोच्या फोनमध्ये, मावशींच्या पेन ड्राइव्हवर. ही काय पद्धत झाली? एक घर, एक सर्व्हर, एक डिस्क. ठरलं.

५ ऑक्टोबर
अडुमच्या बाजारातून डिस्क आणली. आठ टीबी! दुकानदार म्हणाला, टीचर, यात अख्खं कुमासी शहर मावेल. बायको, म्हणजे पोकुआ, खोक्यावरचा कागद वाचत बसली. म्हणाली, जुन्या कॉम्प्युटरला लावू नका असं लिहिलंय. म्हटलं, ते सामान्य लोकांसाठी असतं. तीस वर्षं फिजिक्स शिकवलंय मी.

८ ऑक्टोबर, शनिवार
कामाचा दिवस. पोकुआच्या ऑफिसच्या नव्या लॅपटॉपला डिस्क लावून सगळं थेट तिच्यात घेतलं. मेव्हण्याचं कार्ड पुसून, स्वच्छ करून परत दिलं. अग्यापोंग विचारतो, टीचर, हे रिकामं कसं? म्हटलं, आता तुला गरजच काय! आभार मानायची पद्धत नाही या कुटुंबात. पोकुआच्या फोनमधूनही काढून टाकला. फोन किती हलका झाला ते तिला नंतर सांगेन.

एकट्या दुफिए मावशी अडून बसल्या. पेन ड्राइव्ह कमरेच्या कापडाच्या टोकाला गाठ मारून ठेवलाय. भाजीचे सुट्टे पैसे असतात, त्याच गाठीत! गाठ थोपटत म्हणाल्या, "राहू दे रे बाबा. माझी बहीण माझ्यापाशीच बरी." एक दिवस कापडाबरोबर धुतील आणि मग माझ्याकडेच येतील रडत.

१२ ऑक्टोबर
सर्व्हरचं उद्घाटन. (शाळेने भंगारात काढलेला कॉम्प्युटरचा टॉवर. जिन्याखाली. समोर टेबलफॅन.) डिस्क लावली. आठ टीबीऐवजी दिसते सव्वा टीबी, आणि फाइल एकही नाही. दुकानदाराने फसवलं! पोकुआने तो कागद पुन्हा माझ्यासमोर ठेवला. 'जुन्या' या शब्दावर बोट ठेवून. तिचं हे बोट फार लागतं.

१४ ऑक्टोबर
दोष सर्व्हरचा. डिस्क निर्दोष. आता बेडरूममधला कॉम्प्युटर. तो याहून जुना, पण जुनं ते भक्कम असतं.

लावली. त्याने अदबीने विचारलं, डिस्क तयार नाही, तयार करू का? इतक्या नम्रपणे आजवर कुठल्या विद्यार्थ्यानेही विचारलं नव्हतं. 'हो' दाबलं. तेवढ्यात लाइट गेले.

१५ ऑक्टोबर
लाइट नाहीत. मन शांत. आतमध्ये सगळं नीट लागलं असणार.

१६ ऑक्टोबर, रविवार
लाइट आले. डिस्क तयार आहे. रिकामी आहे.

पोकुआच्या लॅपटॉपला लावून पाहिली. तिथेही रिकामी. कोरी करकरीत. नवा कॉम्प्युटरसुद्धा इतका कुचकामी निघावा!

२० ऑक्टोबर
पोकुआने फोनमध्ये व्हिडिओ शोधला. झोप येत नसली की आईचं गाणं ऐकायची म्हणे. मला माहीत नव्हतं. सांगावं लागलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. फोन ताटाशेजारी पालथा ठेवून म्हणाली, "टीचर, मी तुम्हाला आवरायला सांगितलं होतं का?"

फुफूचा गोळा रश्शात तसाच राहिला. चूक कॉम्प्युटरच्या त्या प्रश्नाची आहे. असे प्रश्न विचारणारी यंत्रं बनवूच नयेत.

२४ ऑक्टोबर
हरवलेल्या फाइल परत आणणारं सॉफ्टवेअर चालवलं. दोन दिवस घरघरलं. सापडलं काय, तर सहावीच्या प्रश्नपत्रिका. दुफिए मावशींकडे जावं का? छे. लोक काय म्हणतील!

२७ ऑक्टोबर
गेलो. मावशी म्हणाल्या, "ये, बस, पाणी पी. पोकुआने सोमवारीच फोन केला होता. पेन ड्राइव्ह मीच घेऊन येईन. तू हात लावायचा नाहीस."

३० ऑक्टोबर, रविवार
काल कार्यक्रम झाला. मावशींनी भर मांडवात गाठ सोडली, पेन ड्राइव्ह सरळ टीव्हीला खोचला. सर्व्हर नाही, काही नाही. लगेच चालू.

सासूबाई गायल्या. मग हसून म्हणाल्या, "माझा जावई सोन्यासारखा माणूस. फक्त त्याच्याकडे काही जपून ठेवायला देऊ नका गं. माझा चष्मा दिला होता, अजून शोधतोय." पूर्वी सगळ्यांनी हे पाहिलेलं होतं. मी मात्र कॉपी करताना फाइलचा आकार तेवढा बघितला होता.

मांडव हसला. पोकुआही हसली, नऊ दिवसांत पहिल्यांदा, आणि मग तोंडावर कापड घेऊन रडली. मी जवळ जाऊन बसलो, तिचा हात धरला. तिने हात काढून घेतला नाही.

नंतर मावशींना म्हटलं, एक कॉपी द्याल? त्यांनी गाठ घट्ट केली. "पोकुआला दिली. तू पुढच्या वर्षी ये, दाखवीन."

डिस्क कालपासून दिसत नव्हती, ती मांडवात जेवणाच्या टेबलावर सापडली. पोकुआने वारा होता म्हणून पेपर नॅपकिनच्या गठ्ठ्यावर ठेवली होती. चांगली जड आहे. एकही उडाला नाही.